इंजिनाची नोंद घेताना लॅपटॉपची जोडणी तुटते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या इंजिनाचा डेटा लॅपटॉपवर नोंदवताना येणाऱ्या अडचणींविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि पलीकडे हल्याळ-कारवारपर्यंतच्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. गाडी प्रत्येकाची वेगळी असली तरी संशय बहुतेकांनी ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, घेतलेला असतो, आणि दोष मात्र वायरीत, स्पार्क प्लगमध्ये किंवा लॅपटॉपच्या एखाद्या सेटिंगमध्ये निघतो. म्हणून ईसीयू खोलण्याचा विचार करण्यापूर्वी निदान प्रश्न १ आणि प्रश्न १० वाचावेत.

'ड्रायव्हर' हा शब्द येथे सर्वत्र लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरसाठी वापरला असून गाडी चालवणाऱ्याला 'चालक' म्हटले आहे, कारण 'ड्रायव्हर बदलून पाहा' हा सल्ला एकदा भलत्याच अर्थाने घेतला गेला होता.

१. नोंद घेण्यासाठी लॅपटॉप जोडायचा म्हणजे नेमके काय काय जोडायचे?

सेन्सरची माहिती ईसीयूकडे जाते, ईसीयूकडून ती सॉकेटवर येते, तेथून अडॅप्टर ती उचलतो, अडॅप्टरमधली चिप तिचे यूएसबीत रूपांतर करते, विंडोजमधला ड्रायव्हर त्या चिपला एक कॉम पोर्ट, म्हणजे डेटाच्या ये-जा साठी एक क्रमांकित दार, देतो आणि शेवटी लॉगिंगचे सॉफ्टवेअर तो पोर्ट उघडते. या साखळीची कोणतीही कडी निसटली तरी पडद्यावर संदेश एकच येतो: 'नॉट कनेक्टेड'. त्यामुळे संदेशावरून निदान करता येत नाही. लॅपटॉपच्या टोकापासून गाडीकडे एकेक कडी तपासत जावे लागते, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलून जोडणी झाली, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि पुढच्या रविवारी तोच खेळ पुन्हा मांडावा लागतो.

गाडीत कंपनीचाच ईसीयू असेल तर जोडणी ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटमधून, होते. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो यांसारखा, कंपनीच्या ईसीयूऐवजी घालायचा स्वतंत्र ईसीयू बसवलेला असेल तर केबल थेट त्यालाच लागते, आणि अशा वाचकांनी प्रश्न २ व ९ सोडून द्यावेत.

२. माझ्या जुन्या गाडीला सोळा पिनांचे सॉकेट आहे, अडॅप्टरचा दिवाही लागतो, पण डेटा काहीच येत नाही. असे का?

दिवा लागणे म्हणजे सॉकेटच्या पिन १६ वर बॅटरीचा करंट आणि पिन ४ वर अर्थ (अर्थिंग) मिळत आहे, एवढेच. बोलणे होते ते वेगळ्या पिनांवर: कॅन पद्धतीच्या गाडीत पिन ६ आणि १४ वर, आणि जुन्या के-लाइन पद्धतीत पिन ७ वर. सॉकेटचा आकार प्रमाणित असला तरी गाडी प्रमाणित भाषेत बोलेलच असे नाही. आपल्याकडे ओबीडीचा पहिला टप्पा भारत स्टेज ४ या प्रदूषण निकषाच्या गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यातही भारत स्टेज ४ सुरुवातीला केवळ तेरा मोठ्या शहरांत सक्तीचे होते आणि देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून झाले, म्हणून लहान शहरात २०१३ नंतर विकलेली एखादी गाडीही भारत स्टेज ३ ची असू शकते. अशा गाडीचा ईसीयू कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतो, आणि त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांसाठीच तयार केलेले सॉफ्टवेअर लागते.

सीमाभागात गाडीचे वय क्रमांकाच्या पाटीवरून ठरवू नये. निपाणीत केए २३ पाटीवर फिरणारी गाडी मुळात कोल्हापूरला एमएच ०९ पाटीवर घेतलेली असते आणि पाटी नवी दिसल्याने गाडीही नवी वाटते. आरसीवरील उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहावे.

३. केबल लावली तरी लॅपटॉपला काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

गाडी बाजूला ठेवावी आणि घरात टेबलावर बसून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. त्यातील 'पोर्ट्स' हा भाग डोळ्यांसमोर ठेवून केबल लावावी, काढावी, पुन्हा लावावी. बहुतेक यूएसबी केबलींची चिप लॅपटॉपच्याच करंटवर चालत असल्याने गाडी नसतानाही तेथे एक नवी ओळ दिसायला आणि जायला हवी. यादी एकदा लुकलुकून पुन्हा मांडली जात असेल तर लॅपटॉपला काहीतरी जाणवते आहे आणि अडचण ड्रायव्हरची आहे. पुढचे प्रश्न ४ मध्ये आहे. यादी जराही हलत नसेल तर केबल किंवा लॅपटॉपचे सॉकेट मेले आहे.

स्वतंत्र ईसीयूवाल्यांची एक नेहमीची चूक येथेच सांगतो. मोबाइलसोबत येणाऱ्या काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन तारा नसतातच. ईसीयूवरचा दिवा लागतो, लॅपटॉप मात्र ढिम्म. त्याच केबलने मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर येतात का, एवढे पाहिले की शंका मिटते.

४. ड्रायव्हर टाकला, तरी डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे चिन्ह जात नाही.

केबलमधली चिप कोणाची आहे हे आधी ओळखावे. बाजारातील बहुतेक केबलींत एफटीडीआय, प्रोलिफिक किंवा सीएच३४० यांपैकी एक असते. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपला कंपनीचा नवा ड्रायव्हर मुद्दाम नाकारतो आणि ही चिप २०१२ पासून बंद झाल्याचा संदेशच दाखवतो. तेथे डिव्हाइस मॅनेजरमधून हाताने जुना ड्रायव्हर निवडावा लागतो आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर तो पुन्हा बदलला जाऊ शकतो. एफटीडीआयच्या नकली चिपांचा इतिहास याहून कडू आहे. २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने अशा चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला होता आणि ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. सीएच३४० ही स्वस्त चिप आहे, पण तिचा ड्रायव्हर टाकला की ती सहसा त्रास देत नाही, आणि माझ्या मते नकली एफटीडीआयपेक्षा अस्सल सीएच३४० केव्हाही बरी.

विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा सुरू असेल तर काही जुने ड्रायव्हर चढतच नाहीत. ती बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर तो पाळू नये, त्यापेक्षा केबल बदलावी.

५. पोर्ट दिसतो, पण सॉफ्टवेअर म्हणते 'पोर्ट उघडता येत नाही'. आता काय?

एक कॉम पोर्ट एका वेळी एकच सॉफ्टवेअर उघडू शकते. आधीचे लॉगिंगचे सॉफ्टवेअर खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहिलेले असते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. दुसरे कारण क्रमांकाचे आहे. प्रत्येक नवी केबल विंडोजकडून नवा क्रमांक घेते आणि जुने क्रमांक आपोआप सुटत नाहीत, त्यामुळे चार-पाच वर्षे वापरलेल्या लॅपटॉपवर नवी केबल कॉम १४ किंवा कॉम २३ वर जाऊन बसते, आणि काही जुनी सॉफ्टवेअरे कॉम ९ च्या पुढचे पोर्ट उघडू शकत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून लपलेली उपकरणे दाखवावीत, फिकट दिसणारे जुने पोर्ट काढून टाकावेत आणि पोर्टच्या 'अॅडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये आपल्या केबलला कॉम ३ किंवा ४ असा लहान क्रमांक द्यावा. त्यानंतर ती केबल लॅपटॉपच्या नेहमी त्याच सॉकेटमध्ये लावावी, कारण सॉकेट बदलले की काही चिपांचा क्रमांक पुन्हा बदलतो.

६. बॉड रेट, म्हणजे पोर्टवर बोलण्याचा वेग, किती ठेवावा?

ईसीयूच्या किंवा अडॅप्टरच्या माहितीपत्रकात दिलेला असेल तोच. मेगास्क्वर्ट २ व ३ आणि स्पीडुइनो सहसा १,१५,२०० वर बोलतात, ईएलएम ३२७ या प्रचलित ओबीडी चिपचे यूएसबी अडॅप्टर बहुधा ३८,४०० वर. वेग चुकला तर पोर्ट उघडतो पण उत्तर येत नाही किंवा निरर्थक अक्षरे येतात.

७. ब्लूटूथ अडॅप्टर 'पेअर' होतो, पण सॉफ्टवेअरला सापडत नाही.

ब्लूटूथ जोडल्यावर विंडोज बऱ्याचदा दोन कॉम पोर्ट तयार करते, एक 'इनकमिंग' आणि एक 'आउटगोइंग'. आपल्याला आउटगोइंग हवा असतो. ब्लूटूथच्या अधिक सेटिंगमध्ये 'कॉम पोर्ट्स' या भागात ते दिसते. तेथे एकही पोर्ट नसेल तर अडॅप्टर केवळ कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर चालणारा आणि मुख्यतः मोबाइलसाठी बनवलेला असू शकतो. त्याला कॉम पोर्ट मिळत नाही, आणि ती पद्धत ओळखणारे सॉफ्टवेअर नसेल तर त्याच्यावर वेळ घालवू नये. पेअर करताना मागितला जाणारा पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. आणखी एक: तोच अडॅप्टर आधी मोबाइलला जोडलेला असेल आणि मोबाइल खिशात असेल, तर किल्ली फिरवताच मोबाइल त्याला आधी धरून बसतो.

८. वाय-फाय अडॅप्टर काही वेळ चालतो आणि मग तुटतो.

अडॅप्टरच्या वाय-फायवर इंटरनेट नसते, म्हणून लॅपटॉप संधी मिळताच घरच्या किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडी मारतो. नोंद घेताना त्या नेटवर्कांचे 'आपोआप जोडा' बंद करावे. सॉफ्टवेअरमध्ये पत्ता बहुधा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असा असतो.

९. हाच अडॅप्टर मित्राच्या गाडीत चालतो, माझ्या गाडीत नाही. दोष गाडीचा की अडॅप्टरचा?

गाडी २०१३ च्या आधीची किंवा भारत स्टेज ३ ची असेल तर प्रथम प्रश्न २ पाहावा. नवीन असेल तर मल्टिमीटर घ्यावा. पिन १६ आणि पिन ४ यांच्यात बारा व्होल्टच्या आसपास दाब हवा. नसेल तर सॉकेटचा फ्यूज गेला आहे, आणि काही गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या फ्यूजवरच असतो. मग किल्ली बंद करून, बॅटरीची एक तार काढून, पिन ६ आणि १४ यांच्यातील रोध मोजावा. कॅनच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो आणि ते समांतर असल्याने मीटरवर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकापर्यंत तार पोहोचत नाही. जवळजवळ शून्य आले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा चोरीरोधक अलार्म हे पहिले संशयित. अपवाद असा की काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि ईसीयू यांच्यामध्ये गेटवे (मधला वेगळा डबा) असतो, तेथे ६० चा नियम लागू पडेलच असे नाही.

मोजमाप ठीक असेल तर अडॅप्टरकडे वळावे. ईएलएम ३२७ च्या नकली प्रतींवर 'आवृत्ती १.५' असे छापलेले असते, पण मूळ कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. अशा प्रती एखादी पद्धत नीट बोलतात आणि दुसरी बोलत नाहीत, म्हणून एका गाडीत चालतात.

१०. इंजिन बंद असताना जोडणी उत्तम असते. इंजिन चालू केले, किंवा आरपीएम वाढवला, की तुटते. ईसीयू खराब झाला का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असे असते. इंजिन बंद असताना जी जोडणी पंधरा मिनिटे टिकते, तिच्यातील ड्रायव्हर, पोर्ट, बॉड रेट आणि सॉफ्टवेअर हे सगळे निर्दोष ठरलेले असते. म्हणजे किल्ली ऑन ठेवून, इंजिन बंद ठेवून पंधरा मिनिटांची नोंद घेणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे. त्यात जोडणी तुटली तर प्रश्न ३ ते ८ आणि १४ पाहावेत. त्यात ती टिकली आणि इंजिन चालू केल्यावर तुटली, तर शत्रू एकच: स्पार्क आणि अल्टरनेटर यांच्यापासून वायरिंगमध्ये घुसणारा विद्युत व्यत्यय.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका शेडमध्ये स्पीडुइनो बसवलेल्या एका जुन्या पेट्रोल गाडीवर मी स्वतः यात दोन रविवार घालवले. ३,५०० आरपीएमच्या आसपास आले की यूएसबी सुटल्याचा तो विंडोजचा 'टुडुंग' आवाज यायचा आणि नोंद तेथेच थांबायची. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, ईसीयूचा डबा उघडून डाग दिलेले जोड पुन्हा तापवले. शेवटी शेजारच्या शेडमधल्या मेस्त्रींनी न बोलता एक प्लग काढला, फडक्याने पुसला आणि पांढऱ्या चिनी मातीवरचा क्रमांक माझ्यासमोर धरला. त्यात 'आर' हे अक्षर नव्हते. एनजीकेच्या बीपी६ईएस आणि बीपीआर६ईएस या प्लगांत दिसायला तेवढाच फरक, पण 'आर' म्हणजे आतला रोधक, आणि तो नसला की प्रत्येक ठिणगी छोट्या रेडिओ केंद्रासारखी प्रक्षेपण करते. आधीच्या दुकानात कोणीतरी स्वस्त म्हणून बिनरोधकाचे प्लग घातले होते. चार प्लग बदलले आणि तक्रार संपली.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्लगचा क्रमांक वाचावा आणि प्लगच्या तारा तांब्याच्या साध्या तारा नाहीत ना हे पाहावे. मग अर्थ तपासावा: इंजिन चालू असताना, दिवे आणि पंखा लावून, मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी ईसीयूच्या अर्थला लावल्यास शून्याच्या अगदी जवळचा आकडा यायला हवा, अर्धा व्होल्ट दिसला तर रंग न खरवडता बसवलेला बोल्ट शोधावा. ईसीयू आणि सेन्सर यांच्या अर्थच्या तारा बॉडीवर वाटेल तेथे न टेकवता ईसीयूच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या एकाच ठिकाणी न्याव्यात. यूएसबी केबल कॉइल आणि प्लगच्या तारांपासून लांब न्यावी आणि ती दीड-दोन मीटरपेक्षा मोठी नसावी. यूएसबी २ ची मर्यादा पाच मीटर सांगितली जाते, पण ती शांत टेबलावरची मर्यादा आहे, इंजिनाशेजारची नव्हे. दोन्ही टोकांना फेराइटचे, म्हणजे व्यत्यय शोषणारे, गोळे असलेली केबल घ्यावी. एवढे करूनही तुटत असेल तरच यूएसबी आयसोलेटर, म्हणजे लॅपटॉप आणि गाडी यांना विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवणारे उपकरण, घ्यावे. एडीयूएम ४१६० या चिपवरचे आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, पण कॉम पोर्टच्या बहुतेक चिपांना तेवढा वेग पुरतो. आयसोलेटर हे औषध आहे, पथ्य नाही. वाईट अर्थ तसाच ठेवून तो लावला तर जोडणी टिकेल आणि सेन्सरचे आकडे मात्र चुकीचेच नोंदले जातील.

११. लॅपटॉप चार्जिंगला लावला की जोडणी तुटते किंवा आकडे थरथरतात.

चार्जर सिगारेट सॉकेटमधल्या इन्व्हर्टरवर असेल तर लॅपटॉपचा अर्थ गाडीला दोन वाटांनी जोडला जातो, एक यूएसबीतून आणि एक चार्जरमधून, आणि त्या दोन वाटांतला फरक डेटाच्या तारांवर उतरतो. गॅरेजच्या भिंतीवरील प्लगमधून चार्ज करतानाही, विशेषतः त्या प्लगचे अर्थिंग नीट नसेल तर, हाच त्रास होतो. नोंद घेताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही टिकत नसेल तर आयसोलेटरपेक्षा नवी बॅटरी हा खर्च अधिक उपयोगी ठरतो.

१२. फक्त स्टार्टर मारताना तुटते, नंतर पुन्हा जोडता येते. दुर्लक्ष करावे का?

स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या आसपास येतो आणि बहुतेक गाड्यांत सिगारेट सॉकेटचा करंट तेवढ्यापुरता बंदच होतो. अडॅप्टर त्यावर चालत असेल तर तुटणे स्वाभाविक आहे. मात्र स्वतंत्र ईसीयूच स्टार्टरच्या वेळी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर दुर्लक्ष करू नये, कारण त्याचा करंट चुकीच्या तारेवरून घेतलेला आहे किंवा बॅटरी थकली आहे.

१३. इंजिन चालू असताना लॅपटॉप जोडला की इंजिनच आचके देऊन बंद पडते. हे कसे?

स्पीडुइनो अर्डुइनो मेगा बोर्डवर चालतो, आणि त्या बोर्डची रचना अशी की लॅपटॉपने कॉम पोर्ट उघडताच बोर्ड 'रिसेट' होतो. नवा प्रोग्राम चढवताना ही सोय असते. चालत्या इंजिनावर मात्र ईसीयू क्षणभर बेशुद्ध पडतो. साधा उपाय म्हणजे आधी सॉफ्टवेअर जोडावे आणि मग स्टार्टर मारावा. कायमचा उपाय म्हणजे रिसेट आणि अर्थ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे, पण नवे फर्मवेअर चढवताना तो काढावा लागतो; हे विसरून 'अपलोड होत नाही' अशी तक्रार करणारेही बरेच आहेत. धावत्या गाडीत जोडणी तुटली आणि सॉफ्टवेअर आपणहून पुन्हा पोर्ट उघडू लागले तरी हाच प्रकार घडतो, म्हणून अशा गाडीत प्रश्न १० मधला दोष राहू देऊन रस्त्यावर जाऊ नये.

१४. पाच-दहा मिनिटे नोंद नीट होते आणि मग आपोआप थांबते.

विंडोज बॅटरी वाचवण्यासाठी यूएसबी झोपवते. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट' भागातील, उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढावी. शेजारी बसलेली व्यक्ती लॅपटॉपचे झाकण अर्धे मिटते आणि लॅपटॉप झोपतो, हेही एक कारण आहे. झाकण मिटल्यावर 'काहीच करू नये' असे ठरवून ठेवावे.

१५. जोडणी तुटत नाही, पण आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो आणि आरपीएम उड्या मारतो.

हा जोडणीच्या वेगाचा दोष आहे. ओबीडीत लॅपटॉप एक आकडा मागतो, ईसीयू उत्तर देतो, मग पुढचा आकडा मागितला जातो. के-लाइनचा वेग अवघा १०,४०० बॉड आहे. समजा सेकंदाला पाच उत्तरे मिळतात आणि आपण सहा गोष्टी निवडल्या आहेत, तर प्रत्येक गोष्टीचा नवा आकडा १.२ सेकंदांनी येतो. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० वरून ६,००० आरपीएमला जायला आठ सेकंद लागले, तर दोन नोंदींमध्ये आरपीएम सहाशेने पुढे गेलेला असतो, आणि एका ओळीत शेजारी छापलेले आरपीएम व मॅनिफोल्डचा दाब हे प्रत्यक्षात वेगवेगळ्या क्षणांचे असतात. अशा नोंदीवरून इंधनाचा नकाशा, म्हणजे किती इंधन द्यायचे हे ठरवणारा ईसीयूतला तक्ता, बदलणे धोक्याचे आहे. त्यामुळे एका फेरीत दोन किंवा तीनच गोष्टी निवडाव्यात आणि फेऱ्या वाढवाव्यात. कॅनवर एकाच मागणीत सहापर्यंत गोष्टी मागता येतात. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असेल आणि ईसीयू तिला उत्तर देत असेल तर ती सुरू करावी.

केबलमध्ये एफटीडीआयची चिप असेल तर पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'लेटन्सी टायमर' पाहावा. तो मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, म्हणजे छोटेसे उत्तर येऊनही चिप ते तेवढा वेळ हातात धरून ठेवू शकते. तो १ किंवा २ करावा.

१६. जे २५३४ प्रकारचे (ईसीयूशी बोलण्याच्या प्रमाणित पद्धतीचे) महाग उपकरण घेतले, ड्रायव्हर बरोबर चढला, तरी सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

या उपकरणांची ड्रायव्हर फाइल बहुधा ३२ बिटची असते आणि ६४ बिटचे सॉफ्टवेअर ती उघडू शकत नाही. त्याच सॉफ्टवेअरची ३२ बिटची आवृत्ती मिळत असेल तर ती वापरावी. लॅपटॉप ६४ बिटचा असण्याने काही बिघडत नाही.

१७. माझ्या लॅपटॉपवर वापरकर्त्याचे नाव मराठीत आहे आणि तारखेचे आकडे देवनागरीत. याचा संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि आपल्या भागात ही शंका आवर्जून घ्यावी, कारण एकाच घरातल्या लॅपटॉपवर कोणी मराठी तर कोणी कन्नड ठेवलेले असते. जोडणी होते, नोंद सुरू करताच सॉफ्टवेअर बंद पडते किंवा फाइल रिकामी राहते, अशी लक्षणे दिसली तर फाइलचा मार्ग पाहावा. वापरकर्त्याच्या फोल्डरचे नाव देवनागरी किंवा कन्नड लिपीत असेल तर इंग्रजी अक्षरांपलीकडचे काही न ओळखणारी जुनी सॉफ्टवेअरे तेथे फाइल लिहू शकत नाहीत. सी ड्राइव्हवर थेट इंग्रजी अक्षरांत एक फोल्डर करून नोंदी तेथे साठवाव्यात. 'रीजन'मधील आकड्यांची पद्धतही इंग्रजी ठेवावी, म्हणजे नोंदीतील वेळ आणि दशांश चिन्ह सॉफ्टवेअरला वाचता येते. विंडोजची भाषा बदलण्याची गरज नाही.

१८. बेळगावात सगळे ठीक असते. चोर्ला घाटात किंवा पावसाळ्यात हमखास तुटते.

घाटाच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर सॉकेटमध्ये लोंबणारा अडॅप्टर हलतो, आणि चालकाचा गुडघाही त्याला लागतो. काटकोनी टोकाची आखूड वाढीव केबल लावून अडॅप्टर डॅशबोर्डखाली पट्टीने बांधावा. ईसीयूच्या बाजूचे लहान यूएसबी टोक सैल असेल तर ते बदलणेच बरे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पावसात पिनांवर हिरवट थर चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढावा, सँडपेपर लावू नये, कारण त्याने पिनेवरचा मुलामाही निघून जातो.

घाटात लॅपटॉप आणि गाडी दोन्ही निर्दोष असूनही काही सॉफ्टवेअरे अडतात, कारण ती परवाना तपासायला इंटरनेट मागतात आणि त्या जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. निघण्यापूर्वी घरीच लॉगइन करून ऑफलाइन चालते का ते पाहावे.

१९. जोडणी मध्येच तुटली तर इंजिनाला इजा होते का?

केवळ नोंद वाचताना तुटली तर होत नाही. नोंदीत खंड पडतो एवढेच. अपवाद प्रश्न १३ मधला. ईसीयूत नवा प्रोग्राम लिहिताना तुटली तर मात्र ईसीयू अर्धवट लिहिलेला राहू शकतो आणि गाडी जागेवरून हलत नाही. म्हणून वाचनाची जोडणी पूर्ण विश्वासार्ह झाल्याशिवाय लेखन करू नये, ते करताना गाडीच्या बॅटरीला स्थिर दाबाचा चार्जर लावावा, आणि ब्लूटूथ किंवा वाय-फायने ते कधीही करू नये. वाचनाला कायद्याची अडचण नाही. गाडीत केलेले बदल मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतात, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

लॅपटॉपकडे पाहण्यासाठी दुसरी व्यक्ती सोबत असावी. चालकाने पडद्याकडे पाहू नये, आणि पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्यांसाठी पुणे-बेंगळुरू महामार्ग ही जागा नाही. डायनो (गाडी जागेवरच चालवून मोजण्याचे यंत्र) मिळत असेल तर तोच वापरावा.

२०. एवढे करूनही जमले नाही. मदत मागताना काय पाठवावे?

गाडीचे मॉडेल आणि उत्पादनाचे वर्ष, ईसीयू कोणता, केबलमधली चिप कोणती, विंडोजची आवृत्ती, आणि जोडणी इंजिन बंद असताना तुटते की चालू असताना, हे लिहावे. डिव्हाइस मॅनेजरच्या 'पोर्ट्स' भागाचे चित्र जोडावे. नोंदीची फाइल मूळ स्वरूपात पाठवावी. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नये, कारण तुटण्याच्या आधीच्या दोन सेकंदांत बॅटरीचा दाब किती होता हे फाइलमध्ये सापडते, फोटोत सापडत नाही.